घरचा दांडा

आसपासच्या सगळ्या गावांतल्या कुऱ्हाडी, कुदळी आणि फावडी ज्या घरच्या दांड्यांवर चालायच्या, त्या घराला लोक दांडेवाल्यांचं घर म्हणायचे. म्हातारा तो थोरला दांडेवाला, त्याचा मुलगा तो धाकटा, आणि सून ती दांडेवाली. लग्न होऊन आली तेव्हा हे नाव ऐकून तिला आधी हसू आलं, मग राग आला, आणि पुढे कोणी दुसऱ्या नावानं हाक मारली तर ती वळून बघेनाशी झाली.

या घराचा एक शिरस्ता होता. सरळ, बिनगाठीचं लाकूड गिऱ्हाइकाला; गाठ आलेलं, वाकडं निघालेलं घरच्याला. म्हातारा हे आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचा. परिणाम असा, की सगळ्या मुलखाची हत्यारं टणक आणि दांडेवाल्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू खुळखुळणारी. कोयता डुगडुगायचा, फावडं मान टाकायचं. ज्या कुऱ्हाडीनं अख्ख्या मुलखाचे दांडे तासले जायचे, तिचं पातं तर इतकं सैल की म्हाताऱ्यानं भोकात पाचरीशेजारी चिंधी कोंबून ठेवली होती. दुपार झाली की चिंधीही दम सोडायची. मग कुऱ्हाड पाण्याच्या बादलीत उभी करायची, म्हणजे लाकूड फुगून पातं तेवढ्यापुरतं धरून राहायचं.

"बाबा, हिला एक दांडा बसवा की," ती सासऱ्याला म्हणायची.

"बसवू. हंगाम सरू दे."

"मागच्या हंगामातही हेच म्हणाला होता."

"मग? शब्द बदलला का मी?"

ती कुऱ्हाड बादलीतून काढायची, पदराला पुसायची आणि कामाला लागायची.

काम दोघांचं होतं. नवरा बुटक्या स्टुलावर बसायचा. समोरच्या ठोकळ्यावर लाकूड तिरपं टेकवून त्याचं अलीकडचं टोक तो दोन्ही हातांनी धरायचा, डावा हात पुढे, उजवा मागे. ती पलीकडून, त्याच्याकडे तोंड करून, कुऱ्हाडीनं तासायची. एक घाव, की तो लाकूड थोडं फिरवायचा. परत घाव, परत फिरवायचा. कुऱ्हाडीकडे तो कधी बघायचाच नाही. एक डोळा मिटून लाकडाची सरळ रेघ तेवढी बघायचा. पूर्वी तिच्या जागी म्हातारा असायचा. त्याचा खांदा गेला तेव्हा एक दिवस तिनं सहज कुऱ्हाड हातात घेतली, आणि तिचा घाव सासऱ्यापेक्षा नेमका पडतो हे तिघांच्याही लक्षात आलं. म्हाताऱ्यानं ते तोंडानं कधी कबूल केलं नाही, पण त्या दिवसापासून तो रंध्याशी जाऊन बसायला लागला.

पेरणीआधीचे दिवस होते. हवा तापलेली, पाऊस दूर, आणि दाराशी बिनदांड्याच्या हत्यारांचा ढीग. जो तो उद्या पाहिजे म्हणून बसलेला. त्या दिवशी दुपारी कुऱ्हाड भिजत ठेवायला सवड झाली नाही. हातातल्या लाकडात मधोमध एक गाठ होती. दिसत नव्हती, आत होती. तिचा घाव गाठीवर बसला आणि पातं दांड्यावर फिरलं. फिरलेलं पातं लाकडात रुतायच्या ऐवजी लाकडावरून घसरत पलीकडे गेलं.

आधी तिला वाटलं, ढलपी उडाली. मग नवरा लाकूड फिरवीना म्हणून तिनं वर पाहिलं. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, अगदी शांतपणे, दुसऱ्याच कोणाचा हात असल्यासारखा. अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरापासून नव्हतं. त्या शेजारच्या बोटावर एक चीर पडली होती आणि तिच्यातूनही रक्त यायला लागलं होतं.

"अहो," ती म्हणाली.

तालुक्याच्या दवाखान्यात बोट जोडता आलं नाही. जखम शिवताना तिथल्या माणसानं विचारलं, कसं झालं? ती तोंड उघडणार तोच नवरा म्हणाला, "एकटाच तासत होतो. हात चुकला." तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. बायकोनं नवऱ्याचं बोट तोडलं असं उद्या चार तोंडांनी चार तऱ्हांनी ऐकू येईल, ते त्याला नको होतं. इतकं दुखत असताना याला आपलं कसं सुचलं, या विचारानं तिला रडू फुटलं.

दोघं घरी परतली तेव्हा म्हाताऱ्यानं आपल्यापरीनं निस्तरून ठेवलं होतं. ठोकळा धुतलेला, अंगण झाडलेलं. कुऱ्हाडीचा जुना दांडा चिंधीसकट चुलीत गेला होता आणि तिथे नवा दांडा घट्ट, पाचर मारून बसवलेला होता. ज्याला चार वर्षं मुहूर्त मिळाला नव्हता ते काम एका दुपारी उरकलं होतं. दांडेवाल्याच्या कुऱ्हाडीत चिंधी होती हे कोणाला कळता कामा नये, एवढं एकच म्हाताऱ्याच्या डोक्यात होतं. मुलाच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे त्यानं पाहिलं, नव्या दांड्यावरून स्वतःचा हात फिरवला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. दोन दिवस जेवला नाही. तिला त्याचा इतका राग आला होता की तिनंही फार आग्रह केला नाही.

आता विमा. बँकेत खातं उघडलं तेव्हा तिथल्या बाबूनं तो गळ्यात मारला होता. कशावर सह्या केल्या हे दोघं विसरूनही गेली होती. शेजारणीच्या भावानं आठवण करून दिली, अर्ज भरून दिला, आणि घरात जरा धीर आला. धाकट्यानं मनाशी ठरवलंसुद्धा, की पैसे आले तर लाकूड पकडणारा एक लोखंडी शिकंजा घ्यायचा. हाताचं काम शिकंजा करील.

पैशांच्या आधी कंपनीचा माणूस आला. किडकिडीत, गोड बोलणारा, हातात फुगलेली बॅग. त्यानं ठोकळा पाहिला, स्टूल पाहिलं, फोटो काढले. मग कुऱ्हाड मागितली. पातं धरून दांडा हलवून पाहिला. हलेना.

"चांगला पक्का आहे की."

"आमच्याकडचा दांडा आहे," म्हातारा लगेच म्हणाला. "हलेल कसा?"

"तेच म्हणतो मी. हत्यार पक्कं, हात सरावाचा, मग घाव चुकला कसा?"

ती दारात उभी होती. तिला वाटलं आता तरी बोलावं, पण सासऱ्याची मान अशी खाली गेली होती की तिच्यानं बोलवेना.

"डावा हात, एकच बोट, एकच घाव," तो माणूस वहीत लिहिता लिहिता म्हणाला. "विमा काढून वर्ष व्हायचंय. जागा धुतलेली, हत्यार चकचकीत. माझं काही म्हणणं नाही हो. पण वरचे विचारणार. अशा हातांची तपासणी करणाऱ्या एक डॉक्टर आहेत शहरात, त्या सांगतील अपघात की मुद्दाम. कुऱ्हाड बरोबर आणा."

"मुद्दाम म्हणजे?" धाकट्यानं विचारलं.

"म्हणजे स्वतःच. मग पैसे तर नाहीतच, वर फसवणुकीची तक्रार होते." त्यानं बॅग बंद केली, चहा घेतला, चहा छान झालाय म्हणाला आणि गेला.

गावाला काय, काहीतरी चघळायला हवंच होतं. बोट विकून पैसे करणार, अशी बोलवा उठली. धाकटा दाढी करायला गेला तर न्हाव्यानंच विचारलं, "पुढच्या वर्षी कुठलं काढणार?" सगळे हसले. तोही हसला, अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आला, आणि त्यानंतर त्यानं दाढीच सोडून दिली. पिठाच्या गिरणीत दोन बायका तिला बघून बोलायच्या थांबल्या. घरी येऊन तिनं पीठ खाली ठेवलं आणि डब्यावर झाकण इतक्या जोरात आपटलं की म्हाताऱ्यानं रंधा थांबवला.

काम मात्र थांबवून चालणार नव्हतं. म्हातारा एका खांद्यानं रंधा ओढायचा, ती काचेच्या तुकड्यानं दांडे घासायची. तासायचं काम पडून होतं. नवऱ्यानं एकदा एका हातानं लाकूड धरून दाखवलं, "ये, मार." तिनं कुऱ्हाड उचलली. कुऱ्हाड खाली ठेवून ती गोठ्यात गेली आणि गाईच्या पाठीवर डोकं टेकवून उभी राहिली.

शहरात जायच्या आदल्या सकाळी ती त्याच्या हाताची पट्टी बदलत होती.

"मी खरं सांगणार," ती म्हणाली.

"गप्प बस. लोक म्हणतील बायकोनं तोडलं. गिरणीत कशी जाशील?"

"आता म्हणतात नवऱ्यानं स्वतः तोडलं. आता कशी जाते?"

तो हळूच म्हणाला, "आणि बाबा? चिंधीचं कळलं तर आपला दांडा कोण घेणार? हे नावच त्यांच्याजवळ आहे, दुसरं आहे काय?"

"आणि तुमच्याजवळ काय आहे? नऊ बोटं आणि चोर म्हणून नाव."

तिला बोलल्यावर वाईट वाटलं. पण शब्द मागे घ्यावा असंही वाटलं नाही. तिनं गाठ मारली, जरा जास्तच घट्ट. त्यानं तक्रार केली नाही.

डॉक्टरीणबाईंची खोली लांबच लांब वऱ्हांड्याच्या शेवटी होती. आत एक टेबल, एक हात धुण्याचं भांडं आणि अर्धं खाऊन बशीत ठेवलेलं सफरचंद. बाई वयस्क, केस बारीक कापलेल्या. म्हातारा गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड मांडीवर घेऊन बाहेरच बाकावर बसला. हत्यार घेऊन आत जायला त्याला संकोच वाटला.

बाईंनी घाई केली नाही. पट्टी सोडली, भिंगातून बघितलं, दाबून बघितलं. "दुखतं?"

"थंड पाणी लागलं की."

"नसलेल्या बोटाला खाज येते?"

तो चमकला. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. लोक वेडा म्हणतील म्हणून मनातच ठेवलं होतं. "येते," तो म्हणाला.

"येते बऱ्याच जणांना. हळूहळू कमी होईल. उरलेलं टोक चोळायचं, बरं वाटतं."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणी त्याच्याशी दुखणाईत माणसाशी बोलावं तसं बोललं होतं. त्याचे खांदे जरा खाली आले, ते तिनं पाहिलं.

मग बाईंनी त्याचे दोन्ही तळहात उलटून पाहिले. टेबलावरचा रूळ त्याच्या हातात दिला, हे लाकूड समजा. वर्तमानपत्राची गुंडाळी दिली, ही कुऱ्हाड. "कसं झालं ते करून दाखवा."

त्यानं डाव्या हातात रूळ धरला, उजव्यानं गुंडाळी उगारली आणि मारली. बाई म्हणाल्या, परत. त्यानं परत मारली. कशीही मारली तरी गुंडाळी त्याच्याकडून पुढे जात होती.

"आता ऐका," बाई खुर्चीवर मागे टेकत म्हणाल्या. "मुद्दाम बोट तोडणारा माणूस ते बोट एकटं पसरून ठेवतो आणि बाकीची मिटून घेतो. त्याची शेजारची बोटं सहसा शाबूत राहतात. तुमच्या शेजारच्या बोटावर याच घावाची चीर आहे. म्हणजे मूठ वळलेली होती, हातात काहीतरी धरलेलं होतं. हे तुमच्या बाजूचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पण घाव तुमच्याकडून गेलेला नाही. समोरून तुमच्याकडे आलाय. आणि तुमच्या उजव्या तळहातावर कुऱ्हाडीचे घट्टेच नाहीत. तुम्ही सांगता तसं हे झालेलं नाही. खोटं का बोलताय मला माहीत नाही, पण मला लिहावं लागेल की सांगणं आणि जखम जुळत नाहीत. मग कंपनी तिला हवा तो अर्थ काढील."

नवरा खाली बघून बसला. "एकटाच होतो," तो पुटपुटला.

तिनं आपला उजवा हात पुढे केला आणि टेबलावर उताणा ठेवला. बोटांच्या मुळाशी पिवळट, जाड घट्ट्यांची ओळ होती.

"समोर मी होते," ती म्हणाली. "कुऱ्हाड माझ्या हातात होती."

मग सगळं सांगून टाकलं. गाठ, फिरलेलं पातं, चिंधी, बादली, चुलीत गेलेला दांडा, सगळं. नवरा मध्येच "अगं" म्हणाला, तिनं ऐकलं नाही. सांगताना तिला भीती वाटत होती, आणि तरी छातीवरचं ओझं उतरत होतं.

"जुना दांडा असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण ते पातं सैल होतं आणि घसरलं याला आता काहीच पुरावा उरला नाही, नाही का?"

दारात हालचाल झाली. म्हातारा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"आहे," तो म्हणाला.

त्यानं आत येऊन कुऱ्हाड टेबलावर ठेवली आणि गोणपाट सोडलं. पण बोलताना तो बाईंकडे न बघता सुनेकडे बघत होता. "चुलीत घातला तो मीच. अक्कल गहाण पडली होती. नवा दांडा करायला बसलो, तर चांगल्या लाकडाला हात लावायची सवय नाही. गाठीचं लाकूड घरच्याला. जे समोर पडलं होतं तेच तासलं." त्यानं दांडा फिरवला. मधोमध एक काळपट गाठ होती. गाठीपासून एक तिरपी चीर निघून दांड्यावरून खाली घसरत गेली होती आणि जिथे ती संपत होती तिथे लाकडावर तपकिरी डाग होता. "खोल होती. पुरती काढली असती तर दांडा बारीक झाला असता. म्हणून ठेवली. त्याच दिवसाचं लाकूड आहे हे."

सुनेनं त्या चिरेकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. इतके दिवस ही कुऱ्हाड दारामागे होती आणि तिनं तिच्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं.

बाई उठल्या. भिंग लावून चीर पाहिली. मग धाकट्याला दांडा धरायला सांगितला, त्या दिवशी धरलं होतं तसा, डावा हात पुढे. त्यानं डोळा मिटला आणि सवयीनं हात जिथे पडायचा तिथे पडला. चीर थेट त्याच्या तुटलेल्या बोटाच्या टोकाशी येऊन थांबली. बाईंनी दोन्हींचा उतार एका मोजपट्टीनं ताडून पाहिला. फोटो काढले, डागाची थोडी खरवड बाटलीत घेतली, आणि बराच वेळ लिहीत बसल्या.

"हत्यार सैल ठेवणं हा मूर्खपणा आहे," लिहिता लिहिताच त्या म्हणाल्या, "पण गुन्हा नाही. पहिल्यांदा खोटं का सांगितलंत तेही लिहिते. मी अपघात लिहितेय."

म्हाताऱ्यानं हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच कपाळाला लावून तो रडला. मुलानं त्याला धरलं, चांगल्या हातानं.

परतीच्या बसमध्ये म्हातारा खिडकीशी बसला होता. गाव जवळ आलं तसा म्हणाला, "गावात मीच सांगतो."

"कोणाला कळणार आहे बाबा? कागद कंपनीकडे गेला," मुलगा म्हणाला.

"मीच सांगतो," तो पुन्हा म्हणाला.

आणि सांगितलं. न्हाव्याच्या दुकानातच जाऊन बसला आणि भरल्या दुकानात म्हणाला, आमच्या घरच्या कुऱ्हाडीत चिंधी होती, माझ्या हातानं कोंबलेली. मग न्हावी कात्री थांबवून म्हणाला, "थोरले, खरं सांगू? माझ्या घरच्यांचे केस कधी बघितलेत का?" लोक हसले, पण या वेळचं हसू वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी न्हावीच धाकट्याची दाढी करायला घरी आला. दाढी महिन्याभराची होती, वस्तरा अडायला लागला, तरी न्हाव्यानं या वेळी ती पुरती केली.

कंपनीचा होकार आला तोवर आभाळ भरून यायला लागलं होतं. शिकंजा आणायचं ठरलं, पण तो येईपर्यंत दाराशीचा ढीग कोण उपसणार?

एका सकाळी म्हाताऱ्यानं गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं सगळ्यात सरळ लाकूड काढलं. ती अंगणात भांडी घासत होती.

"हात दे इकडे."

"कशाला?"

"दे म्हटलं की द्यावा."

तिनं राखेचा हात तसाच पुढे केला. त्यानं तिची मूठ लाकडाभोवती वळवली, कोळशानं खूण केली. या घरातल्या कुठल्याच दांड्याचं माप आजवर तिच्या हातावरून घेतलेलं नव्हतं. तिनं आजवर चालवलेली कुऱ्हाड तिच्या मुठीला नेहमी जाडच होती, आणि हे तिला आत्ता कळलं. "राख लागली तुमच्या लाकडाला," ती म्हणाली.

"लागू दे. तुझंच आहे."

संध्याकाळपर्यंत दांडा बसला. म्हाताऱ्यानं कुऱ्हाड तिच्या हातात दिली आणि चहाचा पेला घेऊन ओट्यावर जाऊन बसला. नवरा स्टुलावर बसला होता. लाकूड ठोकळ्यावर टेकवलेलं, डावा हात पुढे, बोटाच्या जागी गुलाबी, गुळगुळीत टोक.

"आज राहू दे," ती म्हणाली. "शिकंजा येतोय."

"शिकंज्याला रेघ दिसते का?" त्यानं एक डोळा मिटला. "मार."

तिनं पातं धरून दांडा हलवून पाहिला. पुन्हा पाहिला. जमिनीवर आपटून पुन्हा एकदा पाहिला. हलला नाही. त्याच्या बोटांकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी बघितलं, त्या हाताची चारही. ती लाकडावर सैल पडली होती, भ्यालेल्या माणसाची पडतात तशी आवळलेली नव्हती.

तिनं घाव घातला. पातं लाकडात नेमकं बसलं आणि नवऱ्यानं, कुऱ्हाडीकडे न बघता, लाकूड थोडं फिरवलं.

ढलपी उडाली ती ओट्यावर म्हाताऱ्याच्या चहात जाऊन पडली. त्यानं ती बोटानं काढून टाकली आणि चहा पिऊन टाकला.